विकलं म्हणून चोरी होत नाही

संपादक मंडळाने मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी चक्क नाही म्हटलं. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. मराठी हा माझ्यासाठी दहावीपर्यंत फक्त एक पेपर होता आणि एकोणसत्तर की एकोणऐंशी हा गोंधळ आजही होतो. पण ज्या गोष्टीबद्दल मला लिहायचंय ती या हॉस्टेलमध्ये घडली, तिच्यावरून आम्ही भांडलो तेही मराठीत, त्यामुळे इंग्लिश विभागात ती शोभली नसती. शुद्धलेखन संपादकांनी तपासलंय. मतं मात्र माझीच आहेत.

तर सुरुवात मेसपासून. आपल्या मेसमध्ये खाडा सांगायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. आदल्या रात्री नऊच्या आत खिडकीशी लटकवलेल्या वहीत नाव आणि रूम नंबर लिहायचा. महिनाअखेरीला त्या वहीवरून जी भांडणं होतात त्यांचं वर्णन करायची गरज नाही. "मी लिहिलं होतं", "पान फाटलंय", "हे अक्षर माझं नाही" वगैरे. सेकंड इयरला मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही चौघींनी त्या वहीचं अ‍ॅप केलं. नाव ठेवलं ‘खाडा’. मोबाइलवर तारखा निवडायच्या, महिन्याच्या शेवटी हिशेब आपोआप. प्रोजेक्टला मार्क बरे पडले आणि आम्ही सगळा कोड गिटहबवर टाकून दिला. तिथे लायसन्स निवडा म्हणून एक यादी येते. एकीने त्यातलं जीपीएल निवडलं, कारण ते नाव तेवढं ऐकलेलं होतं. वाचलं कुणीच नाही. आपण ‘आय अ‍ॅग्री’ दाबतो ना, तसंच.

गेल्या सेमिस्टरला एक ज्युनियर रूमवर आली. "ताई, तुमचा खाडा शहरात विकायला आहे."

शहरात ‘प्रोजेक्ट मिळतील’ असे बोर्ड लावलेली दुकानं असतात हे काही गुपित नाही. तशाच एका दुकानात आमचं अ‍ॅप ‘स्मार्ट हॉस्टेल मॅनेजमेंट सिस्टीम’ या भारदस्त नावाने साडेतीन हजारांना मिळत होतं. सोबत ब्लॅक बुक आणि पीपीटी. ज्युनियरने तिच्या ओळखीतून मिळवलेली झिप उघडून पाहिली. कोड आमचाच. इतका आमचा, की एका ठिकाणी आम्ही ‘खाडा’ चं स्पेलिंग चुकवलं होतं ते सुद्धा तसंच. फक्त प्रत्येक फाइलच्या डोक्यावरची आमची चार नावं गायब होती आणि लायसन्सची फाइल उडवलेली होती.

त्या रात्री आमच्या रूममध्ये जी सभा भरली ती पाहण्यासारखी होती. एक म्हणाली पोलिसांत जाऊ. दुसरी म्हणाली आपण फुकट दिलं आणि तो विकतोय म्हणजे चोरच. रूम पार्टनरचं म्हणणं, "फुकट दिलंस ना? मग आता रडतेस कशाला?" मी अर्थात चोर म्हणणाऱ्या गटात होते. सकाळी तावातावाने आमच्या प्रोजेक्ट गाइड सरांकडे गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्ही लावलेलं लायसन्स वाचलंय का?"

मग वाचलं. पहिल्यांदा. आणि मित्रांनो, माझी जी पंचाईत झाली ती काय सांगू! त्यात स्वच्छ लिहिलंय की प्रत देताना कितीही किंमत लावा, नाहीतर काहीच लावू नका. म्हणजे साडेतीन हजार काय, साडेतीन लाख घेतले तरी तो गुन्हा नव्हता. परवानगी आम्हीच दिली होती. अटी वेगळ्याच होत्या. सॉफ्टवेअर देताना त्याचा सोर्स कोडही मिळायला हवा. मूळ लेखकांच्या नावाच्या आणि कॉपीराइटच्या ओळी राहू द्यायला हव्यात. बदल केले असतील तर तसं सांगायला हवं. आणि लायसन्सची प्रत सोबत द्यायला हवी, कारण घेणाऱ्यालाही तेच हक्क मिळतात जे विकणाऱ्याला मिळाले. पुढे वाटायचे, बदलायचे, विकायचे.

आता गंमत पाहा. दुकानदाराने सोर्स कोड पूर्ण दिला होता, त्याशिवाय प्रोजेक्ट सबमिट कसा होणार? पैसे घेतले, ते चालतं. त्याने मोडलं ते बाकीचं. नावं काढली आणि लायसन्स लपवलं. लायसन्स लपवल्याने आमचं जेवढं नुकसान झालं त्याहून जास्त त्याच्या गिऱ्हाइकांचं झालं. कारण त्या फाइलमध्ये लिहिलं होतं की हा कोड तुम्ही मित्राला फुकट देऊ शकता. ते कळलं असतं तर दुसऱ्या ग्रुपने साडेतीन हजार कशाला मोजले असते?

इथे थोडं मूळ समजून घेऊ, कारण आमच्यासारखाच घोळ बहुतेकांचा असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामची गणना साहित्यकृतीत होते. लिहिला की त्यावर लेखकाचा हक्क, वेगळा अर्ज करावा लागत नाही. म्हणजे कुठे कोड उघडा पडलेला दिसला म्हणून तो आपला होत नाही. रस्त्यावरून कुणाच्या झाडाचे आंबे दिसतात, म्हणून ते तोडायचे नसतात. लायसन्स म्हणजे मालकाने फाटकावर लावलेली पाटी. या, घ्या, पण अमुक अट पाळा. अट मोडली की परवानगी संपली.

आणि विकण्याची मुभा ही काही नजरचुकीने राहिलेली फट नाही. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. पुढे पोटापाण्यासाठी तो ईमॅक्स या एडिटरच्या टेप दीडशे डॉलरला विकत असे. फ्री सॉफ्टवेअरमधला ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, मोकळा, हे तेव्हापासूनचं आहे. मराठीत हा घोळ व्हायचं खरं तर कारणच नाही, आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. पण आपण विचार इंग्लिशमध्ये करतो ना! (मी तर करतेच.)

याहून बोलकी गोष्ट लिनक्सची. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स पहिल्यांदा बाहेर दिलं तेव्हा त्याची अट नेमकी आमच्या रागासारखी होती. वाटा, पण पैसे घ्यायचे नाहीत. इंटरनेट सगळ्यांकडे नव्हतं. लोकांना फ्लॉपीवर प्रती करून द्यायच्या होत्या आणि फ्लॉपी काही फुकट येत नाही. म्हणून १९९२ मध्ये त्याने ती अट काढली आणि जीपीएल लावलं. विकायला मोकळीक मिळाली, फ्लॉपीवाले आले, मग सीडीवाले, मग कंपन्या. तो निर्णय आपला सर्वांत चांगला निर्णय होता असं टॉरवाल्ड्सने पुढे सांगितलं. ‘व्यापार बंद’ ची पाटी तशीच राहिली असती तर लिनक्स आज आपल्या फोनमध्ये असतं का, मला शंका आहे.

मग भांडणं कशावरून होतात? याचं उत्तर आमच्या मजल्यावरच भिंतीला लटकलंय. आमच्या कॉरिडॉरमधला म्हातारा राउटर एका सीनियरने ओपनडब्ल्यूआरटी घालून पुन्हा चालू केलाय. या नावातलं डब्ल्यूआरटी आलं लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी ५४जी या राउटरवरून. २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की या राउटरमध्ये लिनक्स आणि जीपीएलखालचे इतर प्रोग्राम आहेत, पण सोर्स कोडचा पत्ता नाही. त्याच वर्षी सिस्कोने लिंकसिस विकत घेतली होती, सुमारे पन्नास कोटी डॉलरला. आरडाओरडा झाला आणि कोड बाहेर द्यावा लागला. त्या कोडवरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. तरी इतर उपकरणांबाबत कुरबुरी चालूच राहिल्या, शेवटी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोवर दावा लावला आणि मे २००९ मध्ये तडजोड झाली. यात राउटर का विकला असं कुणीच म्हणालं नाही. विका, पण सोर्स द्या, एवढंच मागणं होतं. ते मान्य झालं म्हणून आज आमच्या मजल्यावर रात्री अकरानंतरही नेट चालतं. (वॉर्डन मॅडम, हे वाक्य कृपया सोडून द्या.)

हे झालं सोपं भांडण, यात कोण चूक ते दिसतं. अवघड भांडण रेड हॅटचं आहे. पुण्यात ऑफिस असलेली ही कंपनी आपल्यापैकी अनेकांच्या प्लेसमेंटच्या यादीत असते, म्हणून जरा नीट सांगते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स हे पैसे देऊन घ्यायचं लिनक्स. पण आतला कोड खुला, त्यामुळे तोच कोड घेऊन, रेड हॅटचं नाव आणि चिन्ह काढून सेंटओएस नावाची फुकट प्रत २००४ पासून निघायची. २०१४ मध्ये रेड हॅटने सेंटओएसला आपल्या पंखाखाली घेतलं. आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरला रेड हॅट घेतली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ पुढच्या वर्षअखेरीस बंद. तिची जागा घ्यायला रॉकी लिनक्स आणि अल्मा लिनक्स आले. जून २०२३ मध्ये रेड हॅटने सांगितलं की एंटरप्राइझ लिनक्सचा नेमका सोर्स यापुढे फक्त गिऱ्हाइकांना मिळेल, बाकीच्यांनी सेंटओएस स्ट्रीमवर भागवावं.

हे जीपीएलमध्ये बसतं का? जीपीएल म्हणतं ज्याला सॉफ्टवेअर दिलं त्याला सोर्स द्या. सगळ्या गावाला द्या असं म्हणत नाही. गिऱ्हाइकाला तर मिळतोच. मग गिऱ्हाइकाने तो पुढे वाटला तर? वाटण्याचा हक्क त्याला आहे. पण करारानुसार रेड हॅट त्याची वर्गणी बंद करू शकते. म्हणजे, तुला हक्क आहे, जरूर वापर, फक्त उद्यापासून माझ्या दारात येऊ नकोस. कायद्याच्या अक्षरात हे बसतं की नाही यावर जाणकारांत वाद आहे. रेड हॅटचं म्हणणं असं, की आम्ही इंजिनियरांना पगार देतो, दहा दहा वर्षं जुन्या आवृत्त्या सांभाळतो आणि काही मंडळी काहीही भर न घालता तेच पुन्हा बांधून धंदा करतात. समोरच्यांचं म्हणणं, तुम्ही स्वतः जगभरच्या लोकांच्या कोडवर उभे आहात, मग तुमच्या कोडवर दुसरा उभा राहिला तर दुखतं कशाला?

मला विचाराल तर रेड हॅटची तक्रार मला समजते. फुकट्यांचा राग मला आमच्या मेसमध्येही येतो. पण हक्क द्यायचा आणि तो वापरला की शिक्षा करायची हे मला पटत नाही. आमच्या दुकानदाराने लायसन्सची फाइल उडवून जे साधलं, तेच इथे वकिलांकडून नीट लिहून घेऊन साधलंय, असं मला वाटतं. फरक एवढाच की रेड हॅट निदान लपवत नाही, आणि आपल्या इंजिनियरांचं कितीतरी काम मूळ प्रकल्पांना परतही देते.

तिसऱ्या प्रकारचं भांडण आहे, आपणच उघडं ठेवलेलं दार नंतर लावून घेण्याचं. इलॅस्टिकसर्च आणि रेडिस ही दोन सॉफ्टवेअर अशीच. लायसन्स अगदी उदार, जवळजवळ काहीच अट नाही. मग मोठ्या क्लाउड कंपन्यांनी ती घेतली आणि सेवा म्हणून विकायला लागल्या. बनवणाऱ्या कंपन्या चिडल्या. इलॅस्टिकने २०२१ मध्ये लायसन्स बदललं, तेव्हा अ‍ॅमेझॉनने जुन्या खुल्या आवृत्तीवरून ओपनसर्च काढलं. रेडिसने मार्च २०२४ मध्ये बदललं, तर काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली वाल्की उभं राहिलं. शेवटी दोघांनाही थोडं मागे यावं लागलं. इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएल हा खुला पर्याय पुन्हा दिला. एजीपीएलची अट अशी, की बदल करून नेटवरून सेवा दिलीत तरी तो बदललेला सोर्स वापरणाऱ्याला द्या. माझ्या मते ही अट पहिल्या दिवशी लावली असती तर भांडणाची धार बरीच कमी झाली असती.

म्हणून माझं पहिलं म्हणणं, जे हवंय ते आधी लिहा. उदाहरण या पानावरच आहे. हे पान आमच्या संपादकांनी मुक्ता या फाँटमध्ये लावलंय. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी तो केला आणि ओपन फाँट लायसन्सखाली दिला. अट अशी, की नुसता फाँट विकायचा नाही, पण एखाद्या सॉफ्टवेअरसोबत तो खुशाल विका. आणि त्यात लावलेलं पुस्तक किंवा मासिक तुमचं, त्याला हे लायसन्स चिकटत नाही. काय चालेल, काय नाही, हे आधीच सांगितलंय. नंतर तक्रारीला जागा नाही.

आता दुसरं म्हणणं, आणि ते लिहायला मला खरं तर लाज वाटतेय.

लायसन्स वाचून झाल्यावर सरांनी दुसरा प्रश्न विचारला होता. "तुमच्या अ‍ॅपमधलं ते कॅलेंडर छान आहे. ते कोणी लिहिलं?"

आम्ही चौघी गप्प. तारखा निवडायचं ते कॅलेंडर आम्ही लिहिलंच नव्हतं. कुण्या अनोळखी माणसाचा कोड होता, एमआयटी लायसन्सखालचा. (पुण्यातलं कॉलेज नव्हे, अमेरिकेतलं.) ते लायसन्स जेमतेम तीन परिच्छेदांचं आहे. वापरा, बदला, विका, काहीही करा. अट एकच, वरची कॉपीराइटची ओळ आणि हा मजकूर ठेवा. आणि आम्ही नेमकी तीच ओळ उडवली होती. का? तर व्हायवाला एक्स्टर्नलच्या डोळ्यांना पडली तर प्रश्न येतील आणि मार्क कापले जातील. म्हणजे ज्या कारणासाठी आम्ही दुकानदाराला चोर म्हणत होतो तेच आम्ही त्याच्या आधी एक वर्ष केलं होतं. त्याने निदान साडेतीन हजारांसाठी केलं, आम्ही पंचवीस मार्कांसाठी.

त्या संध्याकाळी आम्ही ती ओळ परत लावली आणि सोबत एक फाइल जोडली, कोणाचं काय घेतलंय त्याची. मग दुकानात गेलो. भांडायचा आवाज अर्थातच निम्म्यावर आला होता. दुकानदार काका शांतपणे म्हणाले, "विकू नका असं तुम्ही म्हणत नाही, हे बरंय. पण तुमची नावं ठेवली तर घेणार कोण, बाळा? पोरं घेतात ती स्वतःचं नाव टाकायलाच." मग म्हणाले, "बघतो." अजून बघतायत.

पण त्यांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. कारण ती पोरं कोण? आम्हाला नंतर कळलं की ‘स्मार्ट हॉस्टेल’ घेणाऱ्यांपैकी एक ग्रुप आपल्याच कॉलेजचा होता. नाव पुसायचं काम दुकानदार करतो, पण ते पुसून मागतो आपण. उद्या आपल्यातलीच कुणीतरी कंपनीत जाऊन कोणाचाही कोड उचलून कंपनीच्या प्रॉडक्टमध्ये टाकणार आणि वरची ओळ सवयीने उडवणार. तेव्हा मार्क कापले जाणार नाहीत, तेव्हा कोर्टाची नोटीस येईल. लिंकसिसच्या बाबतीत झालं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. रिपोर्टमध्ये ‘सर्टिफिकेट’ आणि ‘अ‍ॅकनॉलेजमेंट’ नंतर एक पान सक्तीचं करा. त्यावर कुठला कोड, कोणाचा, कुठल्या लायसन्सखाली घेतला ते लिहायचं. आणि ज्याने खरं लिहिलंय त्याचे मार्क कापू नका. "हे तुझं नाही" असं म्हणण्याऐवजी "यात तुझी भर काय?" असं विचारा. ज्याची भर नसेल तो तिथेच सापडेल. आम्ही ओळ उडवली ती हाव म्हणून नाही, भीती म्हणून. ती भीती गेली तर निम्मी दुकानं आपोआप बसतील.

आणि हॉस्टेलच्या मित्रमैत्रिणींनो, ‘खाडा’ अजूनही तिथेच आहे. घ्या, बदला. दुसऱ्या हॉस्टेलला विकून चहाचे पैसे काढलेत तरी आमची ना नाही. फक्त वरच्या पाच ओळी राहू द्या. चार आमच्या आणि एक कॅलेंडरवाल्याची. त्याला आम्ही चौघींनी मिळून पत्रही लिहिलं, सॉरी म्हणून. त्याचं उत्तर आलं, दोनच वाक्यांचं. म्हणाला, ओळ परत लावलीत ना, झालं तर मग. आणि तुमच्याकडे फेब्रुवारी बरोबर दिसतो का? माझ्याकडे त्यात एक बग आहे.

आमच्याकडेही होता. एकीने तो काढून त्याला परत पाठवलाय.